मेरी वॉर्ड आणि वाफेची गाडी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बी. बी. सी. च्या श्रोत्यांस एडवर्ड वॉर्ड हें नांव चांगलें परिचयाचें होतें. फिन्लंडच्या बर्फांतून आणि पुढें उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांतून युद्धवार्ता पाठविणारा हा बातमीदार १९४१ सालीं टोब्रुकच्या बाजूस शत्रूच्या हातीं सांपडला व युद्ध संपत येईपर्यंत कैदेंत राहिला. त्याच्या आजीचें नांव मात्र निराळ्याच कारणासाठीं लोकांच्या स्मरणांत आहे. यंत्रबळानें चालणाऱ्या गाडीखालीं सांपडून रस्त्यावर मरण पावलेली पहिली व्यक्ति, अशी तिची ओळख करून दिली जाते. ही ओळख खोटी नाहीं. पण मनुष्याच्या बेचाळीस वर्षांच्या आयुष्यांतून शेवटचे दोन क्षण तेवढे उचलावे आणि बाकीचें सारें सोडून द्यावें, असा हा प्रकार झाला आहे.

मेरीबाईंचा जन्म २७ एप्रिल १८२७ रोजीं मध्य आयर्लंडांतील फर्बेन गांवाजवळ बॅलिलिन येथें झाला. वडील हेन्री किंग हे धर्मोपदेशक. घर सुखवस्तु होतें. परंतु अशा घरच्या मुलींनीं शाळेंत जाण्याची तेव्हां रीत नव्हती. मेरी घरींच शिकली. लहानपणापासून तिला कीटक गोळा करण्याचा नाद होता. भिंगांतून त्यांचे पाय, पंख, डोळे न्याहाळीत ती तासन् तास बसे. सर जेम्स साउथ या ज्योतिर्विदानें तिची ही तन्मयता पाहिली आणि मुलीला उत्तम सूक्ष्मदर्शक घेऊन द्या, असा तिच्या वडिलांकडे आग्रह धरला. अठराव्या वर्षीं तिला लंडनचे नामांकित कारागीर अँड्र्यू रॉस यांचें यंत्र मिळालें. नमुने मांडण्यासाठीं कांचेच्या पट्ट्या सहजीं मिळत ना. तेव्हां हस्तिदंताच्या पातळ चकत्या वापरून तिनें आपली अडचण भागविली.

याच सुमारास तेथून जवळच पार्सन्सटाउन या गांवीं (आज त्यास बिर म्हणतात) एक प्रचंड उद्योग चालला होता. रॉसचे तिसरे अर्ल विल्यम पार्सन्स, जे मेरीचे नात्यानें बंधु लागत, ते आपल्या वाड्याच्या आवारांत दुर्बीण उभारीत होते. तिचा धातूचा आरसा सहा फूट व्यासाचा होता. १८४५ सालीं ती पुरी झाली आणि पुढें १९१७ पर्यंत जगांत तिच्याहून मोठी दुर्बीण झाली नाहीं. मेरीनें हें बांधकाम प्रत्यक्ष पाहिलें व त्याचीं चित्रें काढलीं. सर डेव्हिड ब्रूस्टर यांच्यासारख्या शास्त्रज्ञानें आपल्या लेखनासाठीं तिच्याकडून चित्रें काढवून घेतलीं, यावरून तिच्या हाताची योग्यता कळून येईल.

१८५४ सालीं हेन्री वॉर्ड यांच्याशीं तिचा विवाह झाला. ती आठ मुलांची आई झाली, आणि तो संसार संभाळून तिनें लेखन केलें. १८५७ सालीं सूक्ष्मदर्शकांतून दिसणाऱ्या सृष्टीवर तिनें पुस्तक लिहिलें. विद्यापीठाची पदवी नसलेल्या बाईचें शास्त्रीय पुस्तक कोण छापणार? (डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजाचीं दारें स्त्रियांस उघडलीं तीं १९०४ सालीं!) म्हणून तिनें स्वतःच अडीचशें प्रति छापून घेतल्या. त्या हां हां म्हणतां संपल्या. मग लंडनचा प्रकाशक पुढें आला आणि त्या पुस्तकाच्या अनेक आवृत्ति निघाल्या. १८५९ सालीं दुर्बिणीवरचें पुस्तकही प्रसिद्ध झालें. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी आपलीं प्रकाशनें ज्या तीन स्त्रियांस पाठवीत असे, त्यांत राणी व्हिक्टोरिया व गणितज्ञ मेरी सोमरव्हिल यांच्या जोडीनें हिचें नांव होतें.

आतां त्या गाडीकडे वळूं. पेट्रोलची मोटार तेव्हां जन्मास आली नव्हती. कार्ल बेंझ यांची गाडी १८८६ सालची. परंतु आगगाडीच्या इंजिनाप्रमाणेंच, पण रुळांवांचून, वाफेच्या जोरावर रस्त्यानें चालणाऱ्या गाड्या त्यापूर्वीं पुष्कळ वर्षें निघाल्या होत्या. १८३४ सालीं स्कॉटलंडांत ग्लासगोजवळ अशा एका गाडीचें चाक मोडून बॉयलर फुटला व कांहीं उतारू प्राणास मुकले. तेव्हां “पहिला बळी” हा मान मेरीबाईंकडे निर्विवाद जातो असें नाहीं. अशा मानासाठीं कोणी भांडूंही नये. ब्रिटिश पार्लमेंटनें १८६५ सालीं कायदा करून या गाड्यांस लगाम घातला. गांवांत ताशीं दोन मैल व गांवाबाहेर चार मैल एवढीच गति, आणि तांबडें निशाण घेतलेला एक मनुष्य साठ यार्ड पुढें पायीं चालणार. या कायद्याला रस्त्यावरचा माणूस दिसला, बिचकणारा घोडा दिसला. गाडीवर बसलेल्यांस कांहीं होऊं शकेल, ही शंका त्यांत कोठें आढळत नाहीं.

३१ ऑगस्ट १८६९ रोजीं मेरीबाई पतीसह पार्सन्सटाउन येथें आल्या होत्या. तिसरे अर्ल दोन वर्षांपूर्वींच वारले होते. पण घरांतला यंत्रांचा छंद त्यांच्याबरोबर गेला नव्हता. घरीं तयार केलेली वाफेची गाडी होती. तिच्यावर वॉर्ड पतिपत्नी, पार्सन्स बंधूंपैकीं रिचर्ड व चार्ल्स आणि त्यांचे शिक्षक बिग्ज असे बसून निघाले. वेग ताशीं साडेतीन-चार मैल, म्हणजे सकाळीं फिरावयास निघालेल्या गृहस्थाच्या चालीपेक्षां अधिक नव्हे. चर्चपाशीं रस्ता एकदम वळतो. त्या वळणावर गाडीनें हिसका खाल्ला, मेरीबाई आसनावरून खालीं फेंकल्या गेल्या आणि गाडीचें चाक त्यांच्या मानेवरून गेलें. त्यांचा प्राण जवळजवळ तत्क्षणींच गेला.

इतक्या मंद गतींत मृत्यु यावा कसा? गाडी वळते तेव्हां आंत बसलेल्याचें शरीर सरळच जाऊं पाहतें. धरावयास पक्का आधार नसेल, आसन उंच असेल आणि त्यांत हिसका बसला, तर तोल जाण्यास वेग मोठा असावा लागत नाहीं. दुसरी गोष्ट वजनाची. लोखंडी बॉयलर, पाणी, कोळसा आणि माणसें यांचा सारा भार चाकांवर असतो. बैलगाडीवरून माणूस पडला तर बैल पुष्कळदां आपण होऊन थबकतो. जनावराला जीव आहे, तें बुजतें. यंत्राला कोणीतरी थांबवावें लागतें, आणि थांबविणाऱ्याला कळून त्याचा हात हालेपर्यंत चाक आपला अर्धा फेरा पुरा करतें. आजच्या मोटारींत कमरेला जो पट्टा बांधतात, तो याच एका क्षणासाठीं.

दुसऱ्या दिवशीं पंचांनीं चौकशी करून अपघाती मृत्यु असा निर्णय दिला. गाडीवरील चार्ल्स तेव्हां पंधरा वर्षांचा होता. तो यंत्रविद्येपासून परावृत्त झाला नाहीं. याच चार्ल्स पार्सन्सनें १८८४ सालीं वाफेची टर्बाइन तयार केली. बोटींचीं आणि वीजघरांचीं यंत्रें तिनें पालटून टाकलीं. सत्तावीस वर्षांनीं, १८९६ सालीं, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत पेट्रोलच्या मोटारीखालीं सांपडून ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री मेली, आणि तिच्याही बाबतींत निर्णय अपघाती मृत्यूचाच झाला. त्याच वर्षीं नवा कायदा होऊन इंग्लंडांत गतीची मर्यादा ताशीं चौदा मैलांपर्यंत चढली.

मेरीबाईंचे पति १८८१ सालीं व्हायकाउंट बँगर झाले. तो मान पाहण्यास त्या उरल्या नव्हत्या. त्या वारल्या तेव्हां मुलगा मॅक्सवेल सवा वर्षाचा होता. बी. बी. सी. च्या त्या बातमीदाराचा हाच पिता. पुढें तो उत्तर आयर्लंडच्या सिनेटचा अध्यक्ष झाला व १९५० सालीं वारला. त्यानंतर स्ट्रँगफर्डच्या खाडीवरील त्यांचा कॅसल वॉर्ड हा वाडा वारसाकरापोटीं सरकारकडे गेला आणि तेथून नॅशनल ट्रस्टच्या हातीं आला. अँड्र्यू रॉसनें बनविलेला मेरीबाईंचा सूक्ष्मदर्शक त्या वाड्यांतच लोकांस पाहावयास ठेवण्यांत आला.