मक्याचं तणनाशक नाल्यात गेलं तर मासे मरत नाहीत, पण अंडी कमी पडतात

मका पेरला की दोन-तीन दिवसांत ॲट्राझीन मारायचं, ही आपल्या जळगाव-धुळ्याकडची पद्धत. निंदणीला मजूर मिळत नाही, शेतकऱ्याने करावं तरी काय?

अडचण अशी की माशांच्या विणीचा काळही हाच. जून-जुलैत नदीला पूर आला की रोहू, कटला, मृगल अंडी सोडतात. जोराचा पाऊस झाला की शेतातलं औषध नाल्यात आणि तिथून गिरणा, पांझरा, तापीत जातं.

मासे मेले तर पाण्यावर तरंगतात, गावभर बोंब होते. हे नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. बऱ्याच माशांत नर-मादी ठरणं माणसासारखं पक्कं नसतं. तिलापिया पाळणाऱ्यांना हे ठाऊक आहे. हॅचरीत नुकत्याच निघालेल्या पिल्लांना तीन-चार आठवडे खाद्यातून नराचं हार्मोन देतात, अन् जवळपास सगळी पिल्लं नर होतात. म्हणजे बाहेरचं रसायन कोवळ्या वयात माशाचं लिंग फिरवू शकतं.

ॲट्राझीन स्वतः हार्मोन नाही, पण हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतं. अमेरिकेच्या सरकारी शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये मिनो जातीच्या लहान माशांवर प्रयोग केला. औषध घातलेल्या पाण्यात अंडी 19 ते 39 टक्के कमी पडली. सगळ्यात कमी मात्रा किती होती? एक ग्रॅम औषध 20 लाख लिटर पाण्यात, एवढी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात दर दहा नर बेडकांमागे एक मादी झाला. औषध बनवणाऱ्या कंपनीला बेडकांचे हे निष्कर्ष मान्य नाहीत, शास्त्रज्ञांतही वाद आहे. युरोपियन युनियनने मात्र भूजलात उतरतं म्हणून 2004 मध्येच याची परवानगी काढून घेतली. आपल्याकडे 2020 मध्ये केंद्राने 27 औषधांवर बंदीचा मसुदा काढला, त्यातही ॲट्राझीनचं नाव होतं.

बंदी येवो न येवो, काही गोष्टी आपल्या हातात आहेत. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर फवारा एक-दोन दिवस पुढे ढकला. ओल पाहिजे, पण वाहून जाणारं पाणी नको. नाल्याकडच्या बांधाचं गवत राहू द्या, ते वाहतं पाणी अडवतं. आणि पंप नाल्यात किंवा विहिरीच्या थारोळ्यात धुवू नका. ते धुणं त्याच मक्याच्या वावरात फिरवून टाका, औषधाचे पैसे तुम्हीच मोजलेत.