कॅरीचे इंजिन आणि आपल्या घरचा संगणक

आपल्या बेटावरील मुले आज संगणकावर आणि टेलिफोनवर जे खेळ खेळतात, त्यांतील कितीतरी खेळांचे मूळ अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या गावात आहे. उत्तर कॅरोलिना राज्यातील या गावाचे नाव कॅरी. २०२० च्या जनगणनेत तेथील वस्ती पावणेदोन लाखांच्या जवळ भरली. तेथे हिंदी कुटुंबे पुष्कळ असून श्रीवेंकटेश्वराचे मंदिरही आहे. याच कॅरीत १९९९ पासून एपिक गेम्स या कंपनीचे मुख्य ठाणे आहे. टिम स्वीनी यांनी ती १९९१ मध्ये मेरीलँड राज्यात सुरू केली. 'फोर्टनाइट' हा तिचाच खेळ, हे बहुतेक पालकांनी मुलांच्या तोंडून ऐकलेच असेल.

परंतु वाचकहो, या कंपनीजवळ खेळाखेरीज आणखी एक मोलाची वस्तू आहे, ती म्हणजे इंजिन. खेळातील माणूस चालतो, सावली पडते, चेंडू भिंतीला आपटून परत येतो. हे सारे प्रत्येक खेळासाठी नव्याने लिहिणे कोणालाही परवडणार नाही. म्हणून ही कामे करणारी तयार यंत्रणा घेऊन तिच्यावर आपला खेळ उभा करतात. तिलाच इंजिन म्हणतात. १९९८ च्या 'अनरिअल' या खेळापासून निघालेले अनरिअल इंजिन २०१५ पासून फुकट मिळते. खेळाची एकूण विक्री दहा लाख डॉलरच्या पुढे गेली, तरच कंपनी आपला वाटा मागते. म्हणजे आपल्या कॉलेजातील मुलाने आज आरंभ केला, तर त्याला एक रुपयाही द्यावा लागत नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण आहे संगणकाच्या कार्यप्रणालीत. हे इंजिन प्रामुख्याने विंडोजवर वाढले. आणि विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ ला चालत नाहीत. यंत्र धडधाकट, पण प्रणाली म्हातारी, अशी स्थिती अनेक घरांत व शाळांत झाली आहे. अशा यंत्रावर लिनक्स घालता येते. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आरंभिलेली ही प्रणाली फुकट आणि सर्वांना खुली आहे. गंमत अशी की, लिनक्सच्या व्यापारात नाव काढणारी रेड हॅट ही कंपनी कॅरीला लागूनच असलेल्या रॅली शहरात आहे.

लिनक्सवर राहून कॅरीचे इंजिन वापरता येते काय? येते, पण वाट थोडी वळणाची आहे. कंपनीचा लाँचर, म्हणजे इंजिन उतरवून घेण्याचा सोपा दरवाजा, लिनक्ससाठी नाही. खाते उघडून तयार गठडी उतरवावी लागते, किंवा मूळ लिखाण घेऊन आपल्याच यंत्रावर इंजिन बांधावे लागते. शिवाय ते जड आहे. जुन्या संगणकाला ते पेलणार नाही.

विंडोजवर बसून लिनक्ससाठी खेळ बांधण्याची सोय इंजिनात आहे. उलट बाजूची, म्हणजे लिनक्सवरून विंडोजसाठी बांधण्याची, नाही. आणि गिऱ्हाईक तर विंडोजवरच आहे. स्टीम या मोठ्या खेळबाजाराच्या पाहणीत लिनक्सवाल्यांचा हिस्सा २०२५ च्या ऑक्टोबरात प्रथमच शंभरात तीनच्या वर गेला. म्हणून खेळ विकायचा असेल, तर शेवटच्या बांधणीपुरते विंडोजचे एक यंत्र लागतेच.

याला तिसरी वाटही आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन काढले. विंडोजसाठी बांधलेला खेळ ते लिनक्सवर चालवते. २०२२ मध्ये बाजारात आलेले स्टीम डेक हे हातात धरायचे यंत्र याच युक्तीवर चालते. म्हणून कित्येक जण एकच विंडोज प्रत काढतात आणि ती लिनक्सवर तपासून घेतात. मात्र सगळेच खेळ असे चालत नाहीत. खुद्द फोर्टनाइट लिनक्सवर आणायला स्वीनी यांनी २०२२ मध्ये नकार दिला. लबाडी करणाऱ्यांना तेथे आवरणे कठीण, असे त्यांचे म्हणणे.

एक खोच शिक्षकाच्या नजरेला लगेच दिसते. विंडोजला रोमन लिपीतील मोठे व छोटे अक्षर सारखेच. लिनक्स मात्र कडक परीक्षक आहे. चित्राला एके ठिकाणी मोठ्या अक्षराने आणि दुसरीकडे छोट्या अक्षराने नाव दिले, तर विंडोजवर खेळ सुरळीत चालतो आणि लिनक्सवर चित्रच सापडत नाही. शुद्धलेखनाची सवय येथेही उपयोगी पडते ती अशी!

ज्यांचे यंत्र जुने आहे, त्यांनी गोडो हे इंजिन पाहावे. अर्जेंटिनाच्या दोघा मित्रांनी घडवलेले हे इंजिन २०१४ पासून खुले आहे. ते आकाराने लहान आहे, लिनक्सवर सुखाने चालते आणि तेथूनच विंडोजची प्रत काढून देते. कॅरीच्या कंपनीनेच २०२० मध्ये त्याला अडीच लाख डॉलरची मदत दिली, हे विशेष.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट लिपीची. २०२३ मध्ये निघालेल्या गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षरे नीट उमटतात. त्यापूर्वी वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, अशी दशा होई. आज 'क्ष' आणि 'त्र' पडद्यावर शाबूत दिसतात.

खेळ तयार झाल्यावर तो इच.आयओ या ठिकाणी विनामूल्य ठेवता येतो. स्टीमवर प्रत्येक खेळासाठी शंभर डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतला सुमारे तीस टक्के वाटा दुकान घेते. आरंभ पहिल्या ठिकाणी करावा, हे उत्तम.

आपली मुले इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, क्रिओलमध्ये खेळतात. मराठी मात्र वर्गात आणि चतुर्थीच्या आरतीतच भेटते. जी भाषा खेळात नाही, ती मुलांना परकी वाटू लागते. झाकरीच्या तालावर पावले टाकणारा खेळ, आजीच्या तोंडच्या शब्दांची सापशिडी, हे बाहेरचा कोणी येऊन करून देणार नाही. पूर्वी त्याला पैसा, यंत्र आणि लिपी यांची अडचण सांगता येत असे. आता इंजिन फुकट आहे, जुने यंत्र चालते आणि अक्षरही उमटते. तेव्हा पालकांनी कपाटातला जुना संगणक टाकून देण्यापूर्वी तो मुलांच्या हाती द्यावा आणि पहिल्या खेळाचे नाव मराठीत ठेवायला सांगावे.