बहुवारिक सांगाड्याची पिस्तुले

मूठ, चापयंत्रणा व काडतूसपेटी ज्यात बसविलेली असते, असा पिस्तुलाचा खालचा भाग म्हणजे त्याचा सांगाडा होय. हा सांगाडा पोलाद किंवा ॲल्युमिनियमाची मिश्रधातू यांऐवजी बहुवारिक किंवा पॉलिमर द्रव्यापासून साच्यात घडविलेला असेल, तर त्या पिस्तुलास बहुवारिक सांगाड्याचे पिस्तूल म्हणतात. नळी, तिच्यावर मागेपुढे सरकणारी स्लाइड, स्प्रिंगा व आघात-कील हे भाग या प्रकारातही पोलादाचेच असतात. त्यामुळे ‘प्लॅस्टिकचे पिस्तूल’ हे प्रचलित नाव अर्धेच खरे आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सैन्ये, पोलीस दले व खाजगी शस्त्रधारक यांच्यात या पिस्तुलांचा मोठा प्रसार झाला. तथापि त्यांच्याविषयी, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शस्त्रधारकांत, तीव्र मतभेद निर्माण झाले व ते पूर्णपणे मिटलेले नाहीत. या मतभेदांत द्रव्याचे बळ, पिस्तुलाचे वजन, चापयंत्रणेची सुरक्षितता आणि शस्त्राकडे पाहण्याची दृष्टी असे चार वेगवेगळे प्रश्न एकाच नावाखाली एकत्र आलेले आढळतात.

इतिहास : अग्निशस्त्रांत बहुवारिकाचा वापर पिस्तुलांपूर्वी रायफलींत झाला. रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीने १९५९ मध्ये ‘नायलॉन ६६’ ही ०·२२ इंच व्यासाची रायफल विक्रीस आणली. तिचा दस्ता व यंत्रणेचे आवरण ड्यू पाँट कंपनीच्या नायलॉनाचे होते. लाकडी दस्त्याला सरावलेल्या शिकाऱ्यांनी प्रारंभी नाके मुरडली. परंतु निगा फारशी न राखताही ही रायफल चालते, असा अनुभव आल्यावर तिचा खप वाढला. बहुवारिक सांगाड्याचे पहिले पिस्तूल ‘व्हीपी ७०’ हे असून ते जर्मनीच्या हेक्लर उंट कोख या कंपनीने १९७० मध्ये तयार केले. त्याच्या काडतूसपेटीत ९ मिमी. व्यासाची १८ काडतुसे मावत. परंतु त्याचा चाप फार जड असल्याने ते लोकप्रिय झाले नाही.

या प्रकाराला खरे स्थैर्य ऑस्ट्रियातील अभियंते गास्टोन ग्लॉक (१९२९–२०२३) यांच्यामुळे लाभले. व्हिएन्नाजवळील डॉइच-वाग्राम येथे त्यांचा धातू व प्लॅस्टिकच्या वस्तूंचा कारखाना होता. ते सैन्यासाठी सुऱ्याही बनवीत. परंतु पिस्तूल निर्मितीचा अनुभव त्यांना नव्हता. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८० च्या सुमारास जुन्या वाल्थर पिस्तुलाच्या जागी नवे पिस्तूल शोधण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांनी ‘ग्लॉक १७’ हा नमुना सादर केला व १९८२ मध्ये तो स्वीकारला गेला. नॉर्वेने १९८५ मध्ये, ब्रिटनने २०१३ मध्ये व फ्रान्सने २०२० मध्ये याच पिस्तुलाची निवड केली. दरम्यान बहुतेक मोठे उत्पादक याच मार्गाला लागले. अमेरिकेच्या भूसेनेनेही जानेवारी २०१७ मध्ये ॲल्युमिनियमाच्या सांगाड्याचे बेरेटा पिस्तूल बदलून सिग सावर कंपनीचे बहुवारिक मुठीचे ‘पी ३२०’ पिस्तूल ‘एम १७’ या नावाने पसंत केले.

रचना व निर्मिती : सांगाड्यासाठी सामान्यतः नायलॉन वर्गातील पॉलिअमाइड वापरतात व पुष्कळदा त्यात काचतंतू मिसळून ते बळकट करतात. अशा मिश्रणाची घनता सु. १·४, ॲल्युमिनियमाची २·७, तर पोलादाची सु. ७·८ असते. द्रव्याचे कण वितळवून ते मोठ्या दाबाखाली पोलादी साच्यात सोडतात. स्लाइड ज्यांवरून सरकते, त्या पोलादी पट्ट्या आधीच साच्यात बसविलेल्या असतात किंवा मागाहून सांगाड्यात जोडतात. साचा बनविण्यास मोठा खर्च येतो. मात्र तो एकदा तयार झाला की, प्रत्येक सांगाडा अल्पावधीत व अल्प खर्चात निघतो. पोलादी सांगाडा घडीव तुकड्यातून यंत्राने कोरून काढावा लागतो व त्यात बरेचसे पोलाद चुऱ्याच्या रूपाने वाया जाते. बहुवारिक पिस्तुले तुलनेने स्वस्त असण्याचे हे मुख्य कारण होय. किंमत कमी म्हणून दर्जाही कमी, हा आक्षेप प्रारंभी याच कारणाने घेतला गेला. उत्पादकाची बचत ग्राहकापर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही, ही तक्रार मात्र अधिक साधार होती.

बळ व टिकाऊपणा : पहिला मतभेद द्रव्याच्या बळाविषयी होता. शस्त्राचा सांगाडा पोलादाचाच हवा, प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होईल, उष्णतेने वितळेल व आघाताने तडकेल, असे जुन्या शस्त्रधारकांचे म्हणणे होते. खाद्यपदार्थांच्या प्लॅस्टिकच्या डब्यांचे नाव देऊन या पिस्तुलांची थट्टाही झाली. परंतु काडतुसाचा स्फोट होताना निर्माण होणारा उच्च दाब सांगाड्यावर येत नाही. तो नळी व स्लाइड या पोलादी भागांना सोसावा लागतो. सांगाड्यावर येतो तो स्लाइडच्या मागे जाण्याचा आघात व तो बहुवारिक किंचित वाकून सहन करते. ॲल्युमिनियमाच्या सांगाड्यात पुनःपुन्हा बसणाऱ्या आघातांनी शीण साचून तडे जाऊ शकतात. नायलॉन ६ हे सु. २२०° से. तापमानाला वितळते, नेहमीच्या वापरात मूठ एवढी तापत नाही. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपासून संरक्षणासाठी द्रव्यात काजळीसारखी रंगद्रव्ये मिसळतात. घाम व खारी हवा यांमुळे पोलादावर गंज चढतो, तसा बहुवारिकावर चढत नाही. कडाक्याच्या थंडीत धातूच्या मुठीप्रमाणे ती हाताला झोंबत नाही.

काही दोष मात्र खरे आहेत. तडा गेलेला बहुवारिक सांगाडा जोडता येत नाही, तो बदलावाच लागतो. पोलादी सांगाड्याची डागडुजी कुशल कारागीर करू शकतो. नायलॉन हवेतील ओलावा शोषते व त्याच्या मापांत थोडा फरक पडतो, म्हणून स्लाइड व सांगाडा यांच्यात थोडी अधिक फट ठेवावी लागते. एकंदरीत अनेक देशांच्या सैन्यांच्या दीर्घ अनुभवानंतर बळाविषयीचा वाद जवळजवळ संपला आहे, असे म्हणता येईल.

वजन व धक्का : ग्लॉक १७ चे रिकामे वजन काडतूसपेटी सोडून सु. ६२५ ग्रॅ. आहे. ‘एम १९११’ हे जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी योजिलेले कोल्ट कंपनीचे पोलादी पिस्तूल सु. १·१ किग्रॅ. भरते. दिवसभर कमरेला शस्त्र बाळगणाऱ्या पोलिसाला हा फरक महत्त्वाचा वाटतो. नेमबाजाचे मत मात्र वेगळे असते. सु. ८ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदाला ३५० मी. वेगाने सुटली, तर दारूच्या वायूंचा हिशेब सोडून, भरलेले ०·९ किग्रॅ. वजनाचे पिस्तूल सु. ३·१ मी. प्रतिसेकंद वेगाने मागे येते, १·२ किग्रॅ. वजनाचे पिस्तूल सु. २·३ मी. वेगाने येते. म्हणजे वजन एक-तृतीयांशाने वाढल्यास धक्क्याची ऊर्जा एक-चतुर्थांशाने घटते. बहुवारिकाच्या लवचिकपणामुळे धक्का थोडा सौम्य जाणवतो, असे त्याचे समर्थक म्हणतात. परंतु वस्तुमानातील उणीव लवचिकपणाने भरून निघत नाही. त्यामुळे झटपट गोळ्या झाडण्याच्या स्पर्धांत भाग घेणारे अनेक नेमबाज आजही पोलादी सांगाडाच पसंत करतात व उत्पादकांनीही त्यांच्यासाठी पोलादी नमुने पुन्हा काढले आहेत. याउलट, २००८ मध्ये आलेल्या रूगर कंपनीच्या ‘एलसीपी’ या पिस्तुलाचे वजन अवघे सु. २७० ग्रॅ. आहे. ते खिशात सहज मावते. परंतु हाताला बसणाऱ्या धक्क्यामुळे त्याचा दीर्घ सराव कष्टाचा होतो. बाळगण्याची सोय आणि झाडण्याची सोय या परस्परविरोधी अपेक्षा असून प्रत्येकाचे मत त्याच्या गरजेनुसार ठरते.

सुरक्षितता : सर्वांत गंभीर मतभेद सुरक्षिततेविषयी आहे. ग्लॉक पिस्तुलाला बाहेरचा घोडा नसतो व हाताने लावण्याचा सुरक्षा-खटकाही नसतो. चापाच्या मधोमध असलेली लहान पट्टी बोटाने दाबल्याशिवाय चाप मागे येत नाही. शिवाय आघात-कील अडविणारी व पिस्तूल खाली पडल्यास गोळी सुटू न देणारी अशा आणखी दोन आतील योजना असतात. संकटकाळी खटका काढण्याचे विसरणार नाही, हा या रचनेचा गुण होय, असे एक पक्ष मानतो. पिस्तूल म्यानात ठेवताना बोट किंवा कपड्याची घडी चापात अडकली, तर गोळी सुटू शकते, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे. म्हणूनच न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलाने अनेक वर्षे नेहमीपेक्षा दुपटीहून अधिक जड, म्हणजे सु. ५·५ किग्रॅ. जोर लागणारा चाप वापरला. अशा चापाने अनवधानाने गोळी सुटण्याचा संभव घटतो. परंतु नेम साधणे अवघड होते.

या वादात सांगाड्याच्या द्रव्याचा काही संबंध नाही, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. हेक्लर उंट कोख कंपनीच्या १९९३ मधील ‘यूएसपी’ पिस्तुलाचा सांगाडा बहुवारिकाचा असून त्याला बाहेरचा घोडा व खटका दोन्ही आहेत. अमेरिकन सैन्याच्या एम १७ लाही खटका आहे. उलट बाहेरचा घोडा नसलेली पोलादी पिस्तुलेही आहेत. पी ३२० विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटू शकते, असे २०१७ मध्ये आढळून आले, तेव्हा उत्पादकाने त्याच्या चापयंत्रणेत बदल केला. त्यानंतरही चाप न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारी व दावे झाले. उत्पादकाने पिस्तूल सदोष असल्याचे नाकारले. हा सर्व प्रश्न आतील यंत्रणेचा होता. परंतु लोकचर्चेत त्याचे खापर अनेकदा ‘प्लॅस्टिक’वर फुटले.

शोधयंत्रे व कायदा : बहुवारिक पिस्तूल विमानतळावरील धातुशोधक यंत्रांना सापडणार नाही, अशी भीती १९८६ च्या सुमारास अमेरिकन वृत्तपत्रांतून पसरली. ‘डाय हार्ड २’ (१९९०) या चित्रपटातील एका संवादाने चिनी मातीच्या, क्ष-किरणांना न दिसणाऱ्या ग्लॉक पिस्तुलाची कल्पना रूढ केली. असे पिस्तूल अस्तित्वात नव्हते. ग्लॉकच्या वजनाचा मोठा भाग पोलादाचा असल्याने ते शोधयंत्रांना सापडते. तथापि १९८८ च्या अमेरिकन कायद्याने सु. १०५ ग्रॅ. पोलादाइतकेही शोधयंत्राला न जाणवणाऱ्या शस्त्राच्या निर्मितीस बंदी घातली. ही बंदी अस्तित्वातील पिस्तुलांना लागू पडली नाही. परंतु त्रिमितीय मुद्रणाने घडविलेले ‘लिबरेटर’ हे जवळजवळ संपूर्ण प्लॅस्टिकचे पिस्तूल २०१३ मध्ये प्रसिद्धीस आले, तेव्हा तिचे महत्त्व स्पष्ट झाले.

अमेरिकन कायद्यानुसार पिस्तुलाचा सांगाडा हेच मूळ शस्त्र समजले जाते व अनुक्रमांक त्यावरच असावा लागतो. बहुवारिक सांगाड्यात त्यासाठी धातूची पट्टी बसवितात. बहुवारिक सहज कापता व कोरता येत असल्याने अर्धवट तयार सांगाडे विकत घेऊन घरी पिस्तूल पूर्ण करण्याचा प्रकार वाढला. अशा अनुक्रमांकरहित शस्त्रांचा माग काढणे पोलिसांना कठीण जाते. अशा जुळणीसंचांना शस्त्रविषयक नियम लावणारी २०२२ ची नियमावली सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरविली. बहुवारिकामुळे उद्भवलेला खरा सार्वजनिक धोका शोधयंत्रांना चुकविण्याचा नसून, सांगाडा सहज घडविता येण्याचा आहे, असे यावरून दिसते.

कारागिरी व अभिरुची : उरलेला मतभेद अभिरुचीचा आहे. निळसर झिलई दिलेले पोलाद, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, कोरीव नक्षी आणि कारागिराने हाताने घासून अचूक बसविलेली स्लाइड यांना अनेक शस्त्रधारक मोल देतात. असे पिस्तूल पित्याकडून पुत्राकडे जाते व त्याची किंमत टिकते. बहुवारिक पिस्तूल कामचलाऊ हत्यार असून त्यात जतन करण्यासारखे काही नाही, असे त्यांना वाटते. दुसऱ्या पक्षाच्या मते हाच त्याचा गुण होय. ओरखड्याची चिंता न करता ते वापरता येते, मुठीचा मागचा भाग बदलून ते लहानमोठ्या हाताला जुळविता येते आणि एका पिस्तुलाचे सुटे भाग दुसऱ्यास चालतात. पी ३२० मध्ये तर अनुक्रमांक आतील पोलादी यंत्रणेवर असून बहुवारिक मूठ केव्हाही बदलता येते. वारशाने जाणारी वस्तू व झिजल्यावर बदलण्याचे साधन या दोन दृष्टींतील हा भेद कोणत्याही चाचणीने मिटणारा नाही.

भारतातील स्थिती : भारतात शस्त्र बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो व २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. सैनिकी ९ मिमी. काडतुसाची पिस्तुले सामान्य परवानाधारकास मिळत नाहीत. त्यामुळे अमेरिकेतील वादासारखा वाद येथे शस्त्रधारकांत फारसा उद्भवला नाही. निवडीचा प्रश्न प्रामुख्याने सुरक्षा दलांपुढे येतो. विशेष दलांत ग्लॉक पिस्तुले वापरात आहेत. पुणे येथील युद्धसामग्री संशोधन व विकास संस्था आणि महू येथील पायदळ विद्यालय यांनी मिळून तयार केलेले ‘अस्मी’ हे ९ मिमी. यांत्रिक पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये जाहीर करण्यात आले. त्याचा वरचा भाग विमानासाठी वापरतात त्या दर्जाच्या ॲल्युमिनियमाचा, तर खालचा भाग कार्बन तंतूंचा आहे.