ज्या देशांस समुद्र नाहीं त्यांची वाट

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां माझ्या हाताखालून रस्त्याच्या अर्जांचीं बरींच प्रकरणें गेलीं. वांटणींत आंतल्या बाजूचा तुकडा ज्याच्या वांट्यास येई, त्याची जमीन कितीही कसदार असो, शेजाऱ्याच्या बांधावरून गेल्यावांचून त्याची गाडी शेतांत पोंचत नसे. एका प्रकरणांत निकाल होईपर्यंत अर्जदाराचा ऊस फडांतच वाळून गेला, हें मी अद्यापि विसरलों नाहीं. अशी अडचण संपूर्ण देशासही असूं शकते, हें मात्र सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं.

समुद्रकिनारा नसलेले व विकसनशील गणले गेलेले देश आज 32 आहेत. त्यांपैकीं नेपाळ, भूतान व अफगाणिस्तान हे आपल्याच भागांतले. येथें मुख्यतः नेपाळचाच विचार करूं. उत्तरेस हिमालय व पलीकडे चीन, आणि बाकी तीन बाजूंस भारत, अशी त्या देशाची चतुःसीमा आहे. परदेशचा माल कोलकाता अगर हल्दिया बंदरांत उतरावयाचा, तेथून सुमारें 700 किलोमीटर रेल्वेनें किंवा ट्रकनें बिहारांतील रक्सौलास यावयाचा, आणि नाकें ओलांडून बीरगंजास पोंचावयाचा, हा त्यांचा प्रमुख मार्ग होय. नेपाळांत रासायनिक खताचा एकही कारखाना नाहीं. भाताच्या लावणीच्या वेळीं बंदरांत किंवा नाक्यावर अडलेलें खत हंगाम उलटल्यावर आलें काय आणि न आलें काय, सारखेंच. शेतकरी वाचकांस हें अधिक फोड करून सांगावयास नको.

अशा देशास वाटेचा हक्क आहे काय? आहे. समुद्रविषयक कायद्याचा जो आंतरराष्ट्रीय करार 1982 सालीं झाला, त्याच्या 125 व्या कलमानें समुद्रापर्यंत जाण्यायेण्याचा हक्क मान्य केला आहे. अशा मालावर वाटेंत जकात घेऊं नये, केलेल्या कामाचें शुल्क तेवढें घ्यावें, असेंही त्यांत पुढें सांगितलें आहे. परंतु वाट कोठून व कोणत्या अटींवर, हें शेजारी देशाशीं बोलणें करून ठरवावयाचें. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें 143 वें कलम ज्यांना ठाऊक आहे त्यांस ही रचना ओळखीची वाटेल. तेथेंही बांधावरून रस्ता मागतां येतो, पण निवाडा तहसीलदार देतो. दोन देशांच्या मध्यें तहसीलदार नसतो. सगळी भिस्त तहावर, आणि तहाला मुदत असते.

भारत व नेपाळ यांच्यांत 1950 पासून असे तह होत आले. 1978 सालीं व्यापाराचा तह निराळा व वाहतुकीचा निराळा करण्यांत आला. हा फरक क्षुल्लक नव्हे. व्यापार हा उभयतांच्या खुशीचा सौदा, वाट ही गरज. सौदा फिसकटला म्हणून वाट अडूं नये. पण 1989 च्या मार्चांत दोन्ही तहांची मुदत संपली, नवे होईनात, आणि भारतानें दोन नाकीं ठेवून बाकीचीं बंद केलीं. घासलेटासाठीं काठमांडूंत रांगा लागल्या. वहिवाट पूर्ववत् होण्यास 1990 साल उजाडावें लागलें. पुढें 1999 मध्यें, वाहतुकीचा तह दर सात वर्षांनीं आपोआप पुढें चालावा, अशी तरतूद झाली. माझ्या मतें सर्व कागदांत हीच ओळ मोलाची आहे.

तरीही 2015 च्या सप्टेंबरांत नव्या राज्यघटनेविरुद्ध तराईंत आंदोलन पेटलें आणि कित्येक महिने माल नीट जाईना. भारतानें वाट अडविली असें नेपाळ म्हणे. आंदोलनामुळें ट्रक जाऊं शकत नाहींत असें भारत म्हणे. त्याच वर्षीं भूकंपानें ज्यांचीं घरें पडलीं होतीं, त्यांना या वादाचा काय उपयोग? लगोलग 2016 मध्यें नेपाळनें चीनशीं वाहतुकीचा करार केला. मात्र तिकडील बंदरें अडीच हजार किलोमीटरांहून दूर, आणि मध्यें हिमालय.

भारताची बाजूही ऐकली पाहिजे. नेपाळच्या नांवानें बिनजकात उतरलेला माल वाटेंतच आपल्या बाजारांत विकला जाईल, ही शंका निराधार नाहीं. म्हणून मोहोर लावणें, मोहोर तपासणें, दाखले पुन्हा पडताळणें. यांत दिवस जात, आणि अडकलेल्या कंटेनरचें भाडें व्यापारी अखेर गिऱ्हाइकावरच बसवी. यावर तोडगा तंट्यानें नव्हे, तर व्यवस्थेनें निघाला. बीरगंजजवळ सिर्सिया येथें रेल्वेनें जोडलेलें कोरडें बंदर 2004 मध्यें सुरू झालें. पुढें कंटेनरला विजेची मोहोर लावून तो कोठें आहे हें दुरून पाहण्याची सोय आली. 2019 च्या सप्टेंबरांत मोतिहारीहून अमलेखगंजपर्यंत 69 किलोमीटरांची तेलवाहिनी चालू झाली, तेव्हांपासून तिच्यांतून जाणाऱ्या डिझेलास नाक्यावर उभें राहावें लागत नाहीं. या वाहतुकीचें भाडें भारताच्या बंदरास व रेल्वेस मिळतें, हेंही विसरूं नये.

सर्वांची मिळून एकच वाट करण्याचा यत्नही झाला. भूतान, बांगलादेश, भारत व नेपाळ यांनीं 2015 च्या जूनमध्यें थिंपू येथें मोटारवाहतुकीचा करार केला. परंतु भूतानच्या वरिष्ठ सभागृहानें तो 2016 सालीं नामंजूर केला. ज्यास स्वतःला समुद्र नाहीं त्यानेंच नको म्हणावें, याचें प्रथम मला नवल वाटलें. मग ध्यानांत आलें, डोंगरांतल्या अरुंद रस्त्यांवर बाहेरचे ट्रक लोटतील ही त्यांची धास्ती होती. आणि बांधावरून रस्ता देणाऱ्या शेतकऱ्यानें हीच हरकत लेखी घेतलेली मीं कितीदां नोंदविली आहे. नेपाळनें मात्र आपला मार्ग भारताशींच वाढविला. 1 जून 2023 रोजीं वाहतुकीचा तह नव्यानें झाला, आणि त्यांत गंगेच्या जलमार्गानें माल नेण्याची मुभा प्रथमच मिळाली.