पावाची भट्टी आणि पावातली चव

वडापावाचं कौतुक करताना आपण बोलतो ते वड्याबद्दल: बटाटा किती कुस्करलाय, लसूण लागतेय का, चटणी सुकी की ओली. पाव कुठल्या बेकरीचा, हे मात्र फक्त गाडीवाल्याला ठाऊक असतं. पहाटे लादी आली नाही, तर त्याचा दिवस बुडतो. पावात भरून खायचे प्रांतोप्रांतीचे पदार्थ समजून घ्यायचे, तर सुरुवात सारणापासून नव्हे, भट्टीपासून करावी असं माझं ठाम मत आहे.

गोव्यात पाव आणला पोर्तुगीजांनी. यीस्ट हाताशी नव्हतं तेव्हा इथल्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, माडाच्या सुरेने पीठ फुगवलं. आजही पोदेर सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत दारात येतो. टोपलीत मऊ पाव असतात, कडक कवचाचा उंडो असतो, वाटोळं कांकण असतं आणि कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ पोयी असते.

याच पावांत चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, भरतात. डुकराच्या मांसाचे लहान तुकडे आधी मिठात मुरवायचे. मग मिरची, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून त्यांना चोळायची. हे सारं आतड्यात भरून, थोड्या थोड्या अंतरावर दोऱ्याच्या गाठी मारून त्या माळा उन्हात वाळवतात, धुरावर टांगतात. पावसाळ्याआधी गोव्यात घरोघरी पुरुमेताची बेगमी होते. सुकी मासळी, मीठ, सोलं यांच्या जोडीला ख्रिस्ती घरांत या माळाही असतात. मासेमारी बंद असते त्या दिवसांत त्यांचाच आधार.

शिजवताना कांदा आणि थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवायचं. पाणी आटतं, चरबी सुटते, लालभडक आंबट-तिखट रस उरतो. इथे पावाची परीक्षा होते. नुसता मऊ पाव हा रस पिऊन हातातच विरघळू लागतो. उंड्याचं कवच तग धरतं, आतला गाभा तेवढा लाल होतो आणि शेवटच्या घासापर्यंत बोटं कोरडी राहतात. चोरीसाला उंडोच हवा, तो यासाठी.

मुंबईची गरज वेगळी होती. गोव्याच्या आणि पुढे इराणी बेकरीवाल्यांनी इथे लादीपाव रुजवला. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा आणि पाव एकत्र विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. पाळीवर निघालेल्या गिरणी कामगाराला उभ्याउभ्या, एका हाताने, थोडक्या पैशांत पोट भरायचं होतं. वडा कोरडा असतो, म्हणून इथे मऊ लादीच शोभते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि काम गेलेल्या कितीतरी घरांनी वडापावची गाडी लावली.

नाशिकला पावातच सारण भरून तो बेसनात बुडवून तळतात. कोल्हापुरात वड्याबरोबर स्लाइस ब्रेड देतात. कच्छमधल्या मांडवीची दाबेली डाळिंबाचे दाणे आणि मसाला शेंगदाणे घेऊन महाराष्ट्रभर पोचली. प्रत्येकावर स्वतंत्र लेख व्हावा.

आता भट्टीच अडचणीत आहे. 2025 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. धूर वाईट, यात वाद नाही. भट्टीपुढे उभा राहणारा कारागीरच तो सर्वांत जास्त गिळतो. पण भट्टी बदलायचा खर्च पावामागे थोडके पैसे मिळवणाऱ्या लहान बेकरीवाल्याने एकट्याने सोसावा, हे न्याय्य नाही. सरकारने त्याला अनुदान आणि पुरेशी मुदत द्यायला हवी. गोव्यातही पोदेरांची पुढची पिढी या रात्रपाळीच्या धंद्यात राहायला राजी नाही, आणि भट्ट्या बाहेरून आलेले कारागीर चालवताहेत. पाव मिळतोय तो त्यांच्या कष्टांमुळे, हेही मान्य करायला हवं.

वाचकांना एकच विनंती. गोव्याला जाल तेव्हा हॉटेलातल्या टोस्टवर भागवू नका. सकाळी भोंगा ऐकू आला की खाली उतरा, पोदेराकडून गरम उंडो घ्या आणि तो सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्या.