पोटांतील व्यंग आणि प्रकाश

वरून निर्दोष दिसणारा बटाटा चिरावा, तों आंत गाभा काळा निघावा, हा अनुभव आमच्या साखऱ्यापासून मुंबईपर्यंत सर्वत्र येतो. साठवणींत हवा कोंडली, म्हणजे गाभ्यास प्राणवायु पुरत नाहीं व तो काळवंडतो. चिरल्यावांचून हें कळावें कसें?

विल्यम हर्शेल यांनीं इ. स. १८०० मध्यें तांबड्या रंगापलीकडील अदृश्य किरण शोधिले. सुमारें ७०० ते ११०० नॅनोमीटर लांबीचे किरण साल भेदून गरांत शिरतात. काळवंडलेला गर तांबडा प्रकाश अधिक गिळतो, त्यापलीकडील किरण मात्र त्या मानानें कमी. म्हणून दोन्ही किरण पलीकडे किती निघाले, हें ताडून यंत्र दोष ओळखतें. साल जाड किंवा फळ मोठें असल्यास प्रकाश अडतो व परीक्षा कठीण होते.

कोंकणच्या हापुसांतील ‘साका’ असाच छुपा. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें १९८१ मध्यें साक्यापासून मुक्त ‘रत्ना’ ही जात दिली. पण हापूस पिकविणाऱ्यास पारख हवीच.

चार नग नासके निघाले कीं साऱ्या गोणीचा भाव पडतो. प्रत्येक नग न चिरतां पारखला गेला, तर चार नासक्यांचा दंड चांगल्या मालास पडणार नाहीं, हेंच या विद्येचें खरें मोल.