एरर ९९ आणि जुना फाइव्ह-डी

कॅननने ईओएस ५डी बाजारात आणला २००५ मध्ये. अमेरिकेत तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत होती ३,२९९ डॉलर. फिल्मच्या फ्रेमएवढा, म्हणजे जवळपास ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर आणि १२.८ मेगापिक्सेल. व्हिडिओ नाही, लाइव्ह व्ह्यूही नाही. आज सेकंडहँड बाजारात तो तेव्हाच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळतो, आणि बऱ्या उजेडात त्याने काढलेला चेहरा अजूनही बघत राहावा असा असतो. तो हातात पडला की थोड्याच दिवसांत पडद्यावर ‘एरर ९९’ झळकतं आणि नवा मालक घाबरतो.

घाबरण्यासारखं त्यात फारसं नसतं. कुठल्याच ठरलेल्या खात्यात न बसणाऱ्या बिघाडांना कॅननने दिलेला हा एक मोघम क्रमांक. त्यामुळे शोध स्वस्तातून महागाकडे न्यायचा. आधी बॅटरी: बीपी-५११ए जातीची, पूर्ण चार्ज केलेली आणि शक्यतो दुसऱ्या कुणाची तरी खात्रीची. मग कार्ड. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या खाचेत ५० पिना असतात. कार्ड तिरकं रेटलं की त्यातली एखादी वाकते. बॅटरी काढून टॉर्चने आत पाहा. पिन वाकलेली दिसली तर कार्ड पुन्हा ढकलू नका, नाहीतर ती मोडेलच.

तिसरा संशयित लेन्स, आणि बहुतेकदा चोर इथेच सापडतो. ईएफ माउंटमध्ये बॉडी आणि लेन्स यांच्यात यांत्रिक दांडा नाही. ॲपर्चर, फोकस सगळं विजेच्या संकेतांवर चालतं. संपर्कबिंदूंवर घामाचा, धुळीचा थर बसला की बोलणं तुटतं. धागे न सुटणाऱ्या फडक्यावर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते पुसावेत. खोडरबर घासायची युक्ती मला मुळीच पसंत नाही. त्याचा चुरा आरशाखाली जातो.

या कॅमेऱ्याबरोबर आलेल्या २४-१०५ एफ/४ लेन्सचं एक खास दुखणं आहे. ॲपर्चरच्या पात्यांपर्यंत जाणारी पातळ फ्लेक्स केबल झूम फिरवताना दर वेळी दुमडते आणि काही वर्षांनी तुटते. ओळखायची रीत सोपी. एफ/४ वर फोटो निघतो, कारण तेव्हा पात्यांना हलावंच लागत नाही. एफ/८ वर तीच लेन्स एरर देते. असं झालं तर बॉडीचा दोष नाही. केबल बदलता येते, पण लेन्स बरीच उघडावी लागते. ते काम घरच्या स्क्रूड्रायव्हरचं नाही.

लेन्स बदलूनही एरर राहिला तर शटर किंवा आरसा. शटरचं घोषित आयुष्य १ लाख क्लिक, पण फाइलच्या क्रमांकावरून काही कळत नाही. तो ९९९९ नंतर पुन्हा ०००१ होतो. ‘फार कमी वापरलाय’ या विक्रेत्याच्या शब्दावर म्हणूनच पैसे मोजू नयेत. आरशाचं प्रकरण प्रसिद्ध आहे. काही ५डींमध्ये तो सुटून खाली पडायचा. कॅननने दोष मान्य करून फुकट दुरुस्ती दिली होती. विकत घेताना आरसा पक्का केलेला आहे का, हे विचारावं.

धुळीचं वेगळं. सेन्सर आपोआप झटकायची सोय या मॉडेलमध्ये नाही. एफ/२२ वर स्वच्छ आकाशाचा फोटो घेतला की काळे ठिपके दिसतात. ठिपका फोटोत वर असेल तर कण सेन्सरवर खाली असतो, कारण तिथे प्रतिमा उलटी पडते. बॅटरी भरलेली ठेवून मेन्यूतून सेन्सर क्लीनिंग सुरू करावं, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरावं आणि रबरी ब्लोअरने हवा मारावी. तोंडाने फुंकर घालायची नाही, थुंकी उडते. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी धूळ मात्र फोटोत येत नाही; ती पुसायला जाऊन फोकसिंग स्क्रीनवर ओरखडे पाडणारे पुष्कळ.

आपल्याकडे यंत्रापेक्षा हवाच जास्त वैरी. मुंबई-कोकणात पावसाळाभर दमटपणा ८० टक्क्यांच्या वर राहतो आणि बॅगेत पडून असलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशीची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. मागून टॉर्च धरली की ती दिसते. लवकर सापडली तर पुसून जाते. उशीर झाला तर काचेवरचा लेपच खाते. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवण्याचा घरगुती सल्ला विसरा, भुकटी फटींत शिरते. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर पुरे. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवावी. जेलचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की भाजून घ्यावेत. बुरशी लागलेली लेन्स इतरांपासून वेगळी ठेवावी.

दुरुस्ती कुठवर करायची? ५० मिमी एफ/१.८ ची प्लॅस्टिकची लेन्स बिघडली तर नवी घ्यावी, मजुरीच जास्त होते. बॉडीचं शटर गेलं तर दुसरी चालू बॉडी शोधणं बहुधा स्वस्त पडतं. २४-१०५ मात्र दुरुस्त करण्याजोगी. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी न्यायची तर बॅटरी आणि कार्ड सोबत न्या, एरर नेमका कधी येतो ते कागदावर लिहून द्या, आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या.